शेजाऱ्याच्या रानातलं गवत मागायचं असेल तर

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात घराबरोबर चार-पाच एकर रान घेतलंत आणि शेळ्या पाळायचं ठरवलंत, तर पहिल्याच हिवाळ्यात वैरण कमी पडेल. नोव्हेंबरपासून मेपर्यंत जनावरं गोठ्यातच असतात. आमच्या चौदा शेळ्यांना तेवढ्या काळात साडेतीनशेच्या आसपास छोटे गठ्ठे लागतात. मग शेजारचं कंबरेएवढं गवत डोळ्यांत भरतं. ते मागायचं कसं, ते सांगते.

जूनमध्ये मागायला जाऊ नका. तोवर कोण कापणार हे ठरून गेलेलं असतं. पुष्कळ रानं एखादा दूध-शेतकरी वर्षानुवर्षं तोंडी बोलीवर कापत असतो. त्याची वैरण तोडल्याचं नाव पडलं तर गावात दुसरं दार उघडणं कठीण, म्हणून आधी तेवढं विचाराच. मार्च बरा. पहिल्या मंगळवारी टाऊन मीटिंग, म्हणजे गावाची वार्षिक सभा असते, तिथे नुसती ओळख करून घ्या. रान कोणाचं ते माहीत नसेल तर गावच्या क्लार्कच्या कचेरीत जा. इथे जमिनीचे दस्त गावातच असतात आणि कोणालाही बघता येतात. कुंपण नाही, पाटी नाही म्हणजे मोकळीक आहे असं धरू नका. गावाकडे आपण बांधावरून हाक मारून विचारतो, इथे दारात जाऊन विचारायचं.

आणि गेल्यावर आधी त्यांचं ऐका. कोणाला रानात झुडपं माजू नयेत एवढंच हवं असतं. कोणाची जमीन करंट यूज योजनेत असते, म्हणजे शेती चालू राहिली तरच कर कमी बसतो. त्यांना तुमच्याशी लेखी भाडेपट्टा करावासा वाटेल, तो आनंदाने करा. आमच्या शेजारच्या आजींनी पैशांचं नावही काढलं नाही. म्हणाल्या, "बोबोलिंक उडून गेल्यावर काप." हा पक्षी गवतात जमिनीवरच घरटं करतो. नर काळा, मानेमागे वाळल्या गवताच्या रंगाचा मोठा ठिपका. हिवाळ्याला तो थेट दक्षिण अमेरिकेत जातो. जूनमध्ये यंत्र फिरलं की पिल्लं जागीच मरतात. आम्ही ऑगस्ट उजाडेपर्यंत थांबतो. तोवर गवत निबर होतं, काड्या राठ होतात, दुभत्या शेळ्यांना त्याचा कस पुरत नाही. त्यांच्यासाठी दुसऱ्या शेजाऱ्याकडची पहिली कापणी आणतो. तरी आजींचा शब्द मोडावा असं मला एकदाही वाटलं नाही.

होकार मिळाला की मालकाबरोबर रानाची एक फेरी मारा. दगड, जुन्या तारा, ओल धरणारी जागा त्यांना पाठ असते. कडेला रानचेरी आहे का बघा. तिची तुटून सुकत आलेली पानं शेळीला विषारी असतात, त्यामुळे मोडलेली फांदी गठ्ठ्यात जाता कामा नये. पिवळ्या छत्रीसारख्या फुलांचं वाइल्ड पार्सनिप असेल तर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. त्याचा चीक लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की फोड येतात.

वाळवण्यात घाई करू नका. एका वर्षी पाऊस येईल म्हणून आम्ही ओलसर गवताचेच गठ्ठे बांधले. चौथ्या दिवशी गंजीत हात घातला तर आत भाकरीच्या तव्यासारखी धग. रात्रभर दिव्याच्या उजेडात गठ्ठे बाहेर ओढले. छोट्या गठ्ठ्यात ओल वीस टक्क्यांच्या आत हवी. गंजीचं तापमान 65 अंश सेल्सिअसवर गेलं तर आगीची भीती असते, तेव्हा स्वतः गठ्ठे न ओढता अग्निशमन दलाला बोलवा. मूठभर गवत पिळून बघा, काड्या मोडायला हव्यात. नुसत्या वाकल्या तर अजून एक दिवस ऊन द्या.

दुसऱ्याच्या जमिनीवर ट्रॅक्टर नेताना तुमचा शेती-विमा असू द्या आणि त्याची प्रत मालकाला न मागता द्या. जमिनीलाही परत द्या. टनभर वाळलं गवत उचललं की पंचवीसेक किलो पोटॅश रानातून जातं. व्हरमाँट विद्यापीठाच्या एक्सटेन्शनकडून, म्हणजे शेतकऱ्यांना सल्ला देणाऱ्या शाखेकडून, माती तपासून घ्या आणि चुना, खत आपल्या खर्चाने टाका. गठ्ठे उचलल्यावर चाकोऱ्या बुजवा, कडेची झुडपंही कापून द्या. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा जाऊन विचारा, गेल्या वर्षीच्या होकारावर विसंबू नका.

आजी अजूनही पैसे घेत नाहीत. पावसात भिजून वाया गेलेले दहा गठ्ठे मात्र मागून घेतात, टोमॅटोच्या वाफ्यांत अंथरायला. ते आम्ही त्यांच्या अंगणात रचून येतो.