भक्ष्य-भक्षकांच्या मॉडेलमध्ये स्थलांतर घालताय? या चुका टाळा

दोन अधिवास, दोन्हींत भक्ष्य आणि भक्षक, आणि मधे ये-जा. गणित एवढंच, तरी पहिल्या प्रयत्नात बहुतेकांचं उत्तर फसतं. ये-जा वाढली की संख्या आपोआप स्थिरावते, असं आधीच गृहीत धरलेलं असतं. खरं तर ये-जा तगवून धरते ती दोन्हीकडचे चढउतार वेगवेगळ्या वेळी होतात तोवरच. इकडे भक्ष्य संपत आलं असेल तेव्हा तिकडे ते मुबलक असायला हवं.

दोन्हीकडे एकसारखी सुरुवात

सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच. अधिवास हुबेहूब सारखे आणि सुरुवातीच्या संख्याही सारख्या असतील, तर जितके जातात तितकेच येतात. स्थलांतराचा दर शून्य ठेवा किंवा दहापट करा, आलेख तोच. मग "स्थलांतराचा परिणामच दिसत नाही" म्हणून कोडमध्ये दोष शोधण्यात दिवस जातात.

तपासायला रोझेनझ्वाइग-मॅकआर्थर मॉडेल घ्या (यात भक्ष्याच्या वाढीला आणि भक्षकाच्या खाण्याच्या वेगालाही मर्यादा असते). भक्ष्याच्या वाढीचा दर १, हल्ल्याचा दर १, एक भक्ष्य फस्त करायला लागणारा वेळ १, खाल्लेल्या भक्ष्यातून नवा भक्षक तयार होण्याचं प्रमाण ०.५, भक्षकाचा मृत्युदर ०.२. धारणक्षमता, म्हणजे अधिवास जास्तीत जास्त किती भक्ष्य पोसू शकतो तो आकडा, २ असेल तर संख्या स्थिरावते, साधारण २.३३ ओलांडली की चक्रं सुरू होतात. म्हणून ४ घ्या. एकीकडे भक्ष्य २ आणि भक्षक ०.५, दुसरीकडे भक्ष्य ०.५ आणि भक्षक १ ठेवा. स्थलांतराचा दर ०.००१, ०.०१, ०.१, १ असा वाढवत न्या. प्रत्येक दराला निदान २० वेगळ्या सुरुवाती द्या, कारण दर लहान असताना शेवट सुरुवातीवरही ठरू शकतो. पहिली काही चक्रं सोडूनच निष्कर्ष काढा. दर फार मोठा झाला की दोन्हीकडची चक्रं एका लयीत येतात आणि दोन अधिवास असण्याचा फायदाच उरत नाही.

निघालेल्यांना वजा न करणं

जन्म, मृत्यू आणि शिकार शून्य करून कोड चालवा. एकूण संख्या तसूभरही हलली, तर हिशेब चुकलाय. क्षेत्रफळं वेगळी असतील आणि तुम्ही घनता मोजत असाल, तर क्षेत्रफळाचं गुणोत्तर विसरू नका: १ क्षेत्रफळातून निघालेली घनता ४ क्षेत्रफळात पोचताना चौथाई होते, उलट दिशेने चौपट.

भक्ष्य आणि भक्षकाला एकच दर

कीटकशास्त्रज्ञ हफेकर यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे नीट पाहण्यासारखा आहे. संत्र्यांवर जगणारी कोळी कीड हे भक्ष्य, तिला खाणारी कोळी किडीचीच दुसरी जात भक्षक. साध्या मांडणीत भक्षक सगळं भक्ष्य संपवून स्वतःही मरत. मग २५२ संत्र्यांच्या मांडणीत वाटेवर पेट्रोलियम जेलीचे अडथळे घातले आणि मधे छोटे खुंट उभे केले. चालत जाणारा भक्षक अडखळू लागला. भक्ष्य मात्र खुंटावर चढून रेशमी धाग्यासकट हवेवर तरंगत पुढच्या फळावर पोचू लागलं. तेव्हा कुठे तीन पूर्ण चढउतार मिळाले. भक्ष्य एक पाऊल पुढे राहिलं म्हणून हे जमलं. तेव्हा दोघांचे दर वेगळे ठेवा आणि त्यांचं गुणोत्तर बदलून पाहा. वाटेत मरणाऱ्यांचा वाटाही धरा.

अपूर्णांकातून उठणारी प्रजा

चक्राच्या तळाशी भक्ष्य ०.००००१ वर येतं आणि मॉडेल त्यातूनही प्रजा पुन्हा उभी करतं. प्रत्यक्षात एकापेक्षा कमी प्राणी नसतो. जीवशास्त्रज्ञ गाऊस यांच्या १९३४ च्या प्रयोगात डिडिनियम या एकपेशीय भक्षकाने सगळे पॅरामेशियम (तेही एकपेशीय जीव) खाल्ले आणि मग डिडिनियमही उपाशी मेले. दर तिसऱ्या दिवशी बाहेरून दोघांचा एकेक जीव सोडल्यावरच चक्रं चालू राहिली. म्हणून लहान संख्यांसाठी गिलेस्पी पद्धतीने (जन्म, मृत्यू, स्थलांतर अशी एकेक घटना संभाव्यतेनुसार घडवत) पूर्णांकातलं, यादृच्छिक सिम्युलेशन करा आणि अधिवास किती वेळा ओस पडला, किती वेळा पुन्हा वसला, हे मोजा.

एका लयीतली वाढ म्हणजे स्थलांतर, असं मानणं

दोन ठिकाणच्या गणनेत आकडे एकत्र चढले-उतरले, तर कारण हवामानही असू शकतं. संख्याशास्त्रज्ञ मोरान यांनी १९५३ मध्येच हे दाखवलं. ये-जा सिद्ध करायला खूण केलेले किंवा रेडिओ कॉलर लावलेले प्राणी दुसऱ्या अधिवासात सापडायला हवेत. त्यातून मिळालेला दरच मॉडेलमध्ये घाला. आलेख जुळेपर्यंत दर फिरवत बसलात, तर हवामानाचा परिणाम स्थलांतराच्या खात्यावर जमा होईल.