तुमची मेथड दुसऱ्या लॅबमध्ये चालेल का? सांगलीतून, नव्या संशोधकांसाठी

सांगलीत केमिस्ट्री किंवा बॉटनीत एम.एस्सी. करताना कधी ना कधी हळद हातात येतेच. 2018 साली इथल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे तिच्यातलं कुरकुमिन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारा घटक, मोजण्याला महत्त्वही आहे. काम वरवर सोपं वाटतं. हळकुंडं दळायची, सॉल्व्हंटमध्ये अर्क काढायचा, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 425 नॅनोमीटरच्या आसपास किती प्रकाश शोषला जातो याचं रीडिंग घ्यायचं आणि टक्केवारी काढायची.

पण एकाच पोत्यातली हळद दोन लॅबना दिली, तर आकडे वेगळे येऊ शकतात. पावडर कोणत्या चाळणीतून चाळली? वजन ओल्या पावडरचं धरलं की ओव्हनमध्ये वाळवून? आपल्याकडे जुलैत उघडी ठेवलेली पावडर हवेतली ओल धरते, म्हणजे फेब्रुवारीतल्या आणि जुलैतल्या एक ग्रॅममध्ये हळद सारखी नसते. अर्क उजेडात राहिला की कुरकुमिन हळूहळू विघटित होतं, सोल्यूशन अल्कधर्मी असेल तर फार लवकर. शिवाय स्पेक्ट्रोफोटोमीटरवरचा आकडा तिन्ही कुरकुमिनॉइडचा (कुरकुमिन आणि त्याच्यासारखीच दोन संयुगं) मिळून असतो, घटक वेगळे करणाऱ्या एचपीएलसी या यंत्रावर ते वेगळे दिसतात. यातलं काहीच लिहिलं नाही, तर वाचणारा फरकाचं खापर वाणावर किंवा जमिनीवर फोडतो.

पीएचडीला लागल्यावर पहिले काही महिने मी इतरांचे पेपर वाचून मेथड बसवायचा प्रयत्न करत होते. मेथडच्या विभागात दोन ओळी असायच्या आणि शेवटी ‘पूर्वी वर्णन केल्याप्रमाणे’. तो पूर्वीचा पेपर काढावा, तर तो तिसऱ्याकडे बोट दाखवायचा. तिसऱ्यात मेथड असली, तरी ती वेगळ्याच वनस्पतीच्या पानांसाठी असायची. नव्यांनी हे आधीच जाणून घ्यावं, कारण अशा वेळी आपला हातच वाईट आहे असं वाटू लागतं. बहुतेकदा तसं नसतं. माहितीच अपुरी असते.

ही अडचण फक्त छोट्या गावातल्या लॅबची नाही. कर्करोगावरच्या गाजलेल्या संशोधनातले प्रयोग पुन्हा करून पाहण्याचा एक मोठा प्रकल्प अमेरिकेत झाला, त्याचे निष्कर्ष 2021 मध्ये आले. 53 पेपरमधले 193 प्रयोग करायचं ठरलं होतं, पूर्ण झाले 23 पेपरमधले 50. मूळ लेखकांना न विचारता प्रोटोकॉल, म्हणजे प्रयोगाची पायरीवार कृती, पूर्ण आखता येईल इतका तपशील एकाही प्रयोगाबाबत छापलेला नव्हता. मला त्याहून जवळचं वाटतं ते बर्कली आणि बॉस्टनमधल्या दोन लॅबचं उदाहरण, 2014 मध्ये छापलेलं. दोघी स्तनाच्या ऊतीतल्या पेशी वेगळ्या करत होत्या, पण निकाल जुळेनात. उपकरणं तपासली, रसायनं तपासली. शेवटी दोन्हीकडचे संशोधक एका टेबलाशी शेजारी उभे राहून काम करू लागले, तेव्हा उलगडा झाला: एकीकडे ऊती जोरात ढवळत होते, दुसरीकडे हळुवार हलवत होते. दोघांनाही आपली रीत इतकी सवयीची होती की ती लिहावी असं सुचलंच नव्हतं.

म्हणून जे हाताला सवयीचं झालंय, तेच आधी लिहा. ‘रूम टेम्परेचरला 30 मिनिटं’ असं लिहून भागत नाही. एसी नसलेल्या आपल्या लॅबमध्ये एप्रिल-मेच्या दुपारी पारा 36-37 अंशांवर असतो. थर्मामीटर लावा, आकडा टाका. सेंट्रीफ्यूजचा नुसता आरपीएम (मिनिटाला फेरे) देऊ नका. 10,000 आरपीएमला 10 सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरवर सुमारे 11,180 जी (गुरुत्वाकर्षणाच्या इतके पट) बल पडतं, 7 सेंटिमीटरच्या रोटरवर सुमारे 7,830. म्हणून बल ‘जी’मध्ये लिहा, नाहीतर रोटरची त्रिज्या द्या. रसायनाची कंपनी, ग्रेड, कॅटलॉग क्रमांक आणि लॉट क्रमांक बाटली हातात असतानाच उतरवा, बाटली संपल्यावर तो कुणालाच सापडत नाही. मध्येच लाइट गेली आणि वॉटर बाथ थंड झाला, तर तेही नोटबुकात त्याच वेळी लिहा.

लिहून झालं की परीक्षा एकच. कागद ज्युनिअरच्या हातात द्या आणि तुम्ही तोंड उघडू नका. आमच्याकडे डीपीपीएचची (अँटिऑक्सिडंट क्षमता मोजायची) मेथड अशी दिली, तेव्हा तासगावची एक ज्युनिअर मध्येच थांबून म्हणाली, “ताई, ट्यूब अंधारात ठेवायच्या म्हणजे कपाटात की फॉइल गुंडाळून?” तिचा प्रत्येक प्रश्न ही प्रोटोकॉलमधली एक वाढीव ओळ होती. 517 नॅनोमीटरचं रीडिंग सगळेच लिहितात, फॉइलचं कुणी लिहीत नाही.

मग तो प्रोटोकॉल सगळ्यांसाठी खुला मांडा. प्रोटोकॉल्स डॉट आयओ या संकेतस्थळावर सार्वजनिक प्रोटोकॉल मोफत ठेवता येतो. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेचं झेनोडो हे ऑनलाइन भांडार 2013 पासून आहे, तेही मोफत. दोन्हीकडे डीओआय (कायमचा डिजिटल क्रमांक) मिळतो, म्हणजे पेपरमध्ये दोन ओळींची जागा असली तरी पूर्ण मेथडचा पत्ता देता येतो. सीसी बाय परवाना निवडलात तर कुणीही ती वापरू शकतं, श्रेय मात्र तुम्हाला द्यावंच लागतं. “कुणी उचललं तर?” ही भीती मी खूप ऐकते. तारीख आणि नाव असलेली नोंद हाच तुमचा पुरावा असतो, आणि नेट-सेटच्या गडबडीत असलेल्या मुलांकडे दाखवायला पेपर नसला तरी हे काम असतं.

दोन गोष्टींची काळजी घ्या. टाकण्याआधी गाईडची आणि सोबत काम केलेल्यांची संमती घ्या, त्यांची नावं घाला. आणि कामातून पेटंट घ्यायचा विचार असेल तर अर्ज आधी करा, कारण सगळं जाहीर झाल्यावर नावीन्याचा दावा टिकत नाही. किटसोबत आलेल्या पुस्तिकेतला मजकूर जसाच्या तसा उचलू नका. किटचं नाव द्या आणि तुम्ही केलेला बदल स्वतःच्या शब्दांत लिहा.

मेथड पुढे बदलली, तर जुनी पुसू नका, नवी आवृत्ती टाका. झेनोडोवर प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय मिळतो. कुठले सॅम्पल कोणत्या आवृत्तीने केले, याचा तक्ता थिसिसच्या परिशिष्टात ठेवलात, तर व्हायवाला बाहेरून आलेले सर त्यावरूनच प्रश्न विचारतील आणि तुमच्याकडे उत्तर असेल.