सोयाबीन पेरायच्या आधी घरातल्या घरात उरकायची कामं

दोन-चार एकरवाल्यांसाठी लिहितोय, म्हणजे लातूर, धाराशिव, बीड, परभणी, वाशिम, हिंगोली या पट्ट्यातले आपण लोक, ज्यांच्या घरी सोयाबीन आहे, एक-दोन गायी-म्हशी, चार शेळ्या आहेत आणि राबणारी माणसं म्हणजे घरचीच. रोहिणी २५ मेच्या आसपास लागतात, मृग ७-८ जूनला लागतो, तेवढे दिवस नुसतं आभाळाकडं बघत बसू नका, घरात भरपूर कामं आहेत आणि ती सगळ्यांनी मिळून करायची आहेत, एकट्या बापमाणसाच्या डोक्यावर टाकून जमत नाही.

सगळ्यात आधी बियाणं. सोयाबीनचं परागीकरण फुलातल्या फुलातच होतं, त्यामुळं सरळ (म्हणजे संकरित नसलेल्या) वाणाचं घरचं बी दोन-तीन वर्षं बिनधास्त वापरता येतं. जेएस ३३५ असो, एमएयूएस ७१ असो नाहीतर फुले संगम, दरसाल नवीन बॅग घ्यायलाच पाहिजे असं काही नाही. पण उगवण तपासल्याशिवाय घरचं बी पण पेरू नका आणि दुकानातलं पण नका, बॅगेवर लेबल आहे म्हणून तर अजिबात नका. सोयाबीनची साल फार पातळ असते आणि कोंब त्या सालीच्या लगेच खाली असतो, पोतं टेम्पोतून आपटलं, थप्पी उंच लागली, मळणीला मशीन जोरात फिरली की वरून दाणा एकदम चांगला दिसतो आणि आतून गेलेला असतो.

तपासायचं असं, पोत्यात हात खालपर्यंत घालून वरचं, मधलं, बुडाचं असं सगळीकडचं बी घ्या. एक गोणपाट स्वच्छ धुवून ओलं करा, त्याच्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडा, दाण्याला दाणा चिकटू देऊ नका, वरून दुसरं ओलं गोणपाट टाका, गुंडाळी करून सावलीत ठेवा. रोज थोडं पाणी शिंपडायचं, पार चिंब करायचं नाही. हे काम पोरांना द्या, आवडीनं करतात आणि हिशोबात पण पक्के असतात. सहाव्या-सातव्या दिवशी उलगडा. चांगल्या दाण्याला सरळ पांढरं मूळ आणि दोन पिवळट दलं दिसतात, खराब दाणा बोटाला चिकट लागतो आणि वास मारतो, आणि काही दाणे नुसते फुगून बसलेले असतात किंवा मूळ वाकडं, तुटकं असतं, ते मोजायचे नाहीत. जमलं तर असे तीन लॉट लावा आणि सरासरी काढा.

७० किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो पुरतं. त्याच्या खाली दर एका टक्क्याला अर्धा किलो वाढवायचं, म्हणजे ६५ आले तर साडेबत्तीस, ६० आले तर ३५ किलो. ६० च्या खाली असेल तर ते बी विसरा, भावकीत कुणाकडं चांगलं आहे का बघा, अजून वेळ आहे. दुबार पेरणी म्हणजे नुसतं बी परत घ्यायचं नसतं, मजुरी, ट्रॅक्टर, खत सगळं परत येतं आणि ते पैसे बऱ्याचदा पोरांच्या वह्या-पुस्तकातून नाहीतर घरच्या बाईच्या गाठीतून जातात. शाळा पण जूनच्या मध्यालाच उघडतात ना (विदर्भात जरा उशिरा), म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे की शाळेचे पैसे आधी बाजूला काढून ठेवा आणि मग खताच्या दुकानात जा.

खताचं पण सांगतो, डीएपी खत मिळत नाही म्हणून रांगेत उभं राहू नका. सोयाबीनला गंधक लागतं आणि ते सुपर फॉस्फेटमधून मिळतं, डीएपीतून नाही. एकरी सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या तीन बॅगा, साधारण २५ किलो युरिया आणि २० किलो पोटॅश पेरणीसोबतच द्या, नंतर युरिया फेकत बसायची गरज नाही, मुळावरच्या गाठी पिकाला नत्र देतात.

बीजप्रक्रिया टाळू नका. थायरम किंवा कार्बोक्सिन-थायरमचं तयार औषध किलोला ३ ग्रॅम आधी लावायचं, वाळलं की पेरणीच्या थोडं आधी रायझोबियम (नत्राचं जिवाणू खत) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत), १० किलोला प्रत्येकी २५० ग्रॅम, आणि सावलीतच सुकवायचं. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी लावणार असाल तर रासायनिक बुरशीनाशक नको. ताडपत्रीवर हलक्या हातानं घोळा, चोळू नका, साल निघते. आणि हे काम बऱ्याच घरात बायकाच उघड्या हातानं करतात, ते बंद करा, हातमोजे नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या हाताला बांधा, गरोदर बाई आणि लेकरं लांबच राहू द्या. २०१७ ला यवतमाळला फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली हे आपण सगळ्यांनी बघितलंय. औषधाची बाटली स्वयंपाकघरात, माळ्यावर नको, कुलपात ठेवा. उरलेलं औषध लावलेलं बी कोंबड्यांना नाही, जनावरांना नाही आणि मोंढ्यावर तर नाहीच.

आता पाऊस. आजोबा म्हणतात मृगाचा पाऊस झाला की मूठ धरायची, त्यांचा मान राखा पण माप पण घ्या. सरळ कडांचा एक डबा अंगणात उघड्यावर, झाडा-पत्र्यापासून लांब ठेवा आणि रोज सकाळी पट्टीनं पाणी मोजून कॅलेंडरवर लिहा, नंतर ओतून द्या. सगळी बेरीज साडेसात ते दहा सेंटीमीटर झाली, म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर, आणि रान उकरल्यावर खालपर्यंत ओल लागली की मगच तिफण नाहीतर ट्रॅक्टर काढा. शेजाऱ्यानं पेरलं म्हणून आपण पेरायचं नाही, त्याचं रान वेगळं, त्याच्या विहिरीला पाणी असेल, आपल्याला नसेल. सोयाबीनला १५ जुलैपर्यंत सवड आहे. बी ३-४ सेंटीमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका, आणि जमत असेल तर रुंद सरी-वरंब्यावर पेरा, कमी पावसात ओल टिकते, जास्त झाला तर पाणी निघून जातं. सलग सोयाबीन करण्यापेक्षा चार ओळींमागं दोन ओळी तुरीच्या टाका, घरच्या डाळीचं भागतं.

जनावरांना घटसर्प आणि फऱ्याची लस पाऊस लागायच्या आधी द्या, शेळ्यांना आंत्रविषाराची, सरकारी दवाखान्यात चौकशी करा. कडब्याची गंजी झाका, आणि अंधारात वैरण काढायला कुणालाही बॅटरीशिवाय पाठवू नका, साप तिथंच असतात. वळवाच्या पावसात वीज फार पडते, घरातल्या एका तरी मोबाईलवर विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप टाका आणि आभाळ गडगडायला लागलं की झाडाखालून माणसं आणि जनावरं दोन्ही हलवा.

आणि पेरतानाच पुढच्या वर्षीच्या बियाण्याचा तुकडा ठरवून टाका, पाणी न साचणारा, एकाच वाणाचा. त्यातली भेसळीची झाडं फुलात असताना उपटा (पांढऱ्या-जांभळ्या फुलावरून लगेच कळतं), मळणीला मशीनची गती कमी ठेवा, आणि ती पोती भिंतीला न टेकवता लाकडी फळ्यांवर ठेवा, एकावर एक चार-पाचच्या वर नको.