सी-१० खाली बसवताय? मागचा आडवा रॉड बघा

१९६७ ते १९७२च्या शेव्रोले सी-१० पिकअपला मागे बहुधा कॉइल स्प्रिंग असतात. आखूड स्प्रिंग टाकून गाडी चार इंच खाली आणली की मागचा अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो. कारण पॅनहार्ड रॉड, म्हणजे अ‍ॅक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा: एक टोक चासीला, दुसरं अ‍ॅक्सलला, लांबी मात्र जुनीच. मग एकच चाक आत घासतं आणि लोक टायरला शिव्या घालतात. लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड लावा. गाडी चाकांवर उभी असताना, जॅकवर नव्हे, दोन्हीकडे टायर ते चासी अंतर मोजून तो जुळवा. सांध्यांतल्या रबरी बुशचे (रबरी अस्तराचे) बोल्टही तेव्हाच आवळा. चाकं लोंबकळत असताना आवळले तर बुश कायम पिळलेले राहून लवकर फाटतात. शॉक अ‍ॅब्सॉर्बर अर्थातच आखूड हवेत.