सतरंजीची घडी घालायला थांबलेली मुलगी

लैंगिक अत्याचाराविषयी शाळेत सत्र घ्यायला पहिल्यांदा गेले तेव्हा माझी तयारी जय्यत होती. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याचे तक्ते, सुरक्षित-असुरक्षित स्पर्शाची चित्रं, प्रश्नांच्या चिठ्ठ्या टाकायला डबा. पाऊण तास बोलले. मग सगळ्या गेल्या आणि नववीतली एक मुलगी सतरंजीची घडी घालायला थांबली. घडी झाली तरी ती जाईना.

"ताई, एक सांगू? पण कुणाला सांगायचं नाही हं."

"नाही सांगणार," मी म्हणाले.

या कामात माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक ती. तिनं घरातल्याच एका माणसाचं नाव घेतलं. अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवणं हा गुन्हा आहे. तक्त्यावर हे मीच लिहिलं होतं, तरी तिच्या चेहऱ्याकडे बघून तोंडून वचन गेलं. कळवलं, पुढची कारवाईही झाली. पण "तुम्ही तर नाही सांगणार म्हणाला होतात," एवढं बोलून ती नंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही.

आता सत्राच्या सुरुवातीलाच सगळ्यांना सांगते: तुम्ही सांगाल ते मी वर्गात, शिक्षकांच्या खोलीत चघळणार नाही. पण कुणी तुम्हाला त्रास देत असेल, तर तो थांबवण्यासाठी मला काही जणांना सांगावं लागेल, आणि ते कोण हे आधी तुम्हाला सांगेन. म्हणजे किती बोलायचं ते त्यांना ठरवता येतं. सज्ञान बाईचं वेगळं. तक्रार करायची की नाही, हे तिनं ठरवायचं. आपण माहिती द्यायची, ढकलायचं नाही.

तुम्ही असं सत्र घेणार असाल, तर कुणी बोलायला लागलं की खोदून विचारू नका. "तेव्हाच का नाही सांगितलंस?" हे तर चुकूनही नको. "सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही," एवढं म्हणा आणि ऐका. नंतर तिचेच शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. तपास आपलं काम नाही. तीच गोष्ट चार जणांपुढे पुन्हा पुन्हा सांगायला लावणं हाही तिला त्रासच आहे.

तक्रार म्हटलं की मुलींच्या आयांच्या डोळ्यांपुढे येतात ती पोलीस चौकीतली बाकडी. म्हणून त्यांना सांगा: मुलीचा जबाब घरी किंवा तिला हव्या त्या जागी घेता येतो, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा त्यावरची अधिकारी घेते, आणि तेव्हा पोलिसांनी गणवेशात असायचं नाही. उपचारांसाठी आधी तक्रार नोंदवावी लागत नाही. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयानं तातडीचे उपचार मोफत द्यायचे असतात. अत्याचार झालेल्या बाईची दोन बोटांची चाचणी, म्हणजे योनीत बोटं घालून केलेली तपासणी, करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये बजावलं आहे. हे ऐकताना कितीतरी आयांचे आवळलेले हात सैल होताना मी पाहिलेत.

शाळा बहुतेकदा मागतात ते "मुलींनी काय काळजी घ्यावी" एवढंच. तेवढ्यावर मी जात नाही. मुलग्यांचं सत्र झालंच पाहिजे, कारण त्यांच्यावरही अत्याचार होतात, आणि संमती म्हणजे काय हे त्यांना कुणीच सांगितलेलं नसतं. एकानं चिठ्ठीत विचारलं होतं, "ती नाही म्हणाली पण हसून म्हणाली, तर?" त्या एका चिठ्ठीवर आम्ही अर्धा तास बोललो. घाबरूनही माणूस हसतं, हे त्यांच्याच वर्गातल्या एका मुलानं सांगितलं.

सत्राला जाण्याआधी १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि १८१ (महिलांसाठीची) हे क्रमांक स्वतः लावून बघा. अत्याचारग्रस्त महिलांना मदत करणारं जिल्ह्यातलं सरकारी सखी केंद्र कुठे आहे, तिथे कुणाला भेटायचं, हे माहीत करून घ्या. जड काही ऐकलं तर त्याच दिवशी अनुभवी सहकाऱ्याशी बोला, मुलीचं नाव न घेता. आणि परतीची एसटी सत्राला लागून धरू नका. मी अर्धा-पाऊण तास तिथेच थांबते, सतरंजीची घडी सावकाश घालते.