'कूजन' हा शब्द कुठे, कधी आणि कसा वापरायचा

कूजन म्हणजे पक्ष्यांचा मंजुळ आवाज, इतकं शाळेपासून सगळ्यांना माहीत असतं. अडतं ते लिहिताना. कुठल्या पक्ष्याला लावायचा, क्रियापद कुठलं घ्यायचं, कु ऱ्हस्व की दीर्घ, आणि मग कंटाळून माणूस "किलबिल" लिहून मोकळा होतो. मला हा शब्द फार आवडतो आणि तो नीट जागी वापरला जावा असं मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी शुद्धलेखन, कारण इथे चुकलं की अर्थाचा पार विचका होतो. कू दीर्घच. शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलाय, त्यामुळे पूजन, भूषण, सूचना यांच्यासारखा पहिला ऊ दीर्घ राहतो आणि प्रत्यय लागला तरी दीर्घच, कूजनाने, कूजनात, कूजनाचा. "पक्ष्यांचं कुजन" असं ऱ्हस्व लिहिलं की वाचणाऱ्याला पटकन कुजणं आठवतं, कुजलेली पानं, कुजलेली भाजी, आणि अख्ख्या ओळीचा वास बदलतो. बोलतानाही फरक आहे बरं का, कूजनातला ज 'जय'मधला आणि कुजण्यातला ज 'जाणं'मधला. लिंग नपुंसक, ते कूजन.

आता अर्थ. ज्यांच्या घरी संध्याकाळी रामरक्षा म्हटली जाते त्यांनी हा शब्द हजारदा ऐकलेला असतो, फक्त लक्षात आलेलं नसतं. शेवटाकडे येतं ते "कूजन्तं राम रामेति मधुरं मधुराक्षरम्", म्हणजे वाल्मीकी नावाचा कोकीळ कवितेच्या फांदीवर बसून राम राम असं गोड कूजन करतोय. इथे एक गोष्ट बघा, कूजन्तं म्हटल्यावरही मधुरं हा शब्द वेगळा घातलाय. कारण मूळ कूज् धातूचा अर्थ नुसता अस्पष्ट, गुणगुणल्यासारखा आवाज करणं असा आहे, त्यात गोडवा असलाच पाहिजे असं काही नाही. आयुर्वेदात तर पोटात गुडगुडतं त्याला आंत्रकूजन म्हणतात, आणि वैद्य लोक आजही हा शब्द वापरतात! मराठीत मात्र कूजन पक्ष्यांपाशीच राहिलं आणि पक्ष्यांचा गोडवा त्याला चिकटला. पण मुळात तो शब्दात नाही, त्यामुळे "मधुर कूजन" लिहिलं की द्विरुक्ती होते असं कोणी सांगितलं तर खुशाल दुर्लक्ष करा.

मग वापरायचं कुठे? माझा साधा नियम असा की आवाज हळुवार, सलग आणि घोळवलेला हवा, आणि शक्यतो एका पक्ष्याचा किंवा जोडीचा हवा, जो थांबून ऐकावासा वाटतो. होला, कोकीळ, दयाळ यांना कूजन शोभतं. आपला राज्यपक्षी हरियाल, वडा-उंबराच्या फळांवर जगणारा, त्याचा शिट्टीसारखा मऊ चढउताराचा आवाज ऐकला की कूजन याशिवाय दुसरा शब्दच सुचत नाही. पण मोर कूजन करत नाही, त्याचा केकारव. कोंबडा आरवतो, पारवा घुमतो, घुबडाचा घूत्कार, टिटवीची टिवटिव, आणि कावळा ज्ञानेश्वरांच्या विराणीत कोकतो, किती छान क्रियापद आहे ते आणि आपण विसरून गेलो. सातभाईंचा थवा झुडपात शिरला की तो कलकलाटच. सह्याद्रीत पावसाळ्यात ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर माणसासारखी शीळ घालतो, तिथे शीळच लिहा, त्याचं नावच तसं पडलंय. आणि पावशाला कूजन बिजन लावू नका, तो शेतकऱ्याला "पेरते व्हा, पेरते व्हा" सांगतो, त्याचे शब्दच द्या.

खूप पक्षी एकदम बोलत असतील, म्हणजे पहाटेची झाडं वगैरे, तर किलबिल किंवा किलबिलाट. कलरवही चालतो, पण तो जरा पुस्तकी आणि शांत आहे, तळ्याकाठच्या हंसांना वगैरे शोभणारा.

एक गडबड सगळीकडे दिसते, "कोकिळेचं कूजन". कुहू कुहू करणारा नर असतो, तो कोकीळ, काळाभोर, लाल डोळ्यांचा. कोकिळा म्हणजे मादी, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, आणि तिचा आवाज किक-किक-किक असा तीक्ष्ण, त्याला कूजन म्हणताच येणार नाही. म्हणून "आमराईत कोकिळाचं कूजन चालू होतं" असं लिहा. कवितेत कोकिळा गाते ती परंपरा जुनी आहे, तिला हात लावायची गरज नाही, पण पक्षीनिरीक्षणाच्या नोंदीत किंवा माहितीच्या लेखात नर-मादी बरोबरच हवेत.

दयाळाचं उदाहरण घेऊन वाक्य कसं बांधायचं ते बघू. मार्च ते जूनच्या दरम्यान उजाडायच्या आधी वायरीवर किंवा गच्चीच्या कोपऱ्यावर काळापांढरा नर बसतो, शेपूट वर उचललेली, आणि लांबलचक गाणं म्हणतो, मध्येच दुसऱ्या पक्ष्यांच्या नकलाही करतो. हे गाणं हद्द सांगण्यासाठी आणि मादीसाठी असतं. धोका दिसला की हाच पक्षी कर्कश आवाज काढतो. म्हणजे एकाच दयाळाला "पहाटे दयाळाचं कूजन ऐकू आलं" आणि "मांजर दिसताच दयाळ कर्कश ओरडू लागला" अशी दोन वाक्यं लागतात. पक्षी तोच असला तरी शब्द आवाज बघून निवडायचा. पक्षी ओळखताच येत नसेल तर मर्लिन नावाचं फुकट ॲप आवाजावरून नाव सुचवतं, ते बघून मग लिहा.

क्रियापदं सोपी आहेत. कूजन करणं, कूजन चालणं, कूजन ऐकू येणं. "होला कूजत होता" हे कवितेत सुंदर वाटतं, साध्या गद्यात जड होतं. आणि बोलताना शक्यतो नकोच, चहा पिताना घरच्यांना कोणी "कूजन ऐकलंस का" विचारत नाही, तिथे "ऐक, होला घुमतोय" हेच बरं. कूजनाची जागा लेखात, निबंधात, कवितेत, निवेदनात.

समास करायचा असेल तर जोडून लिहा, कोकिळकूजन, पक्षिकूजन. पक्षिकूजनातला क्षि नियमाप्रमाणे ऱ्हस्व, प्राणिसंग्रहालयातल्या णि सारखा, आणि कू अर्थातच दीर्घ.