आजोबांच्या पेटीतले तारे: दुसऱ्या महायुद्धातलं कोणतं पदक कोणाला मिळायचं

सातारा, रत्नागिरी, रायगड, कोल्हापूरकडच्या बऱ्याच घरांत ट्रंकेच्या तळाशी रुमालात बांधलेले सहा टोकांचे पिवळट तारे निघतात. ‘पणजोबांना शौर्याबद्दल मिळाले’ असं घरात सांगितलं जातं. हे तारे शौर्याचे नाहीत, मोहिमेचे आहेत. नेमून दिलेल्या मुलखात, नेमून दिलेल्या तारखांच्या दरम्यान जो हजर होता, त्याला ते मिळत. मग तो बंदूकधारी शिपाई असो, लंगरातला स्वयंपाकी असो की खेचरं हाकणारा. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. त्यांना शौर्याबद्दल मरणोत्तर मिळालेला व्हिक्टोरिया क्रॉस वेगळा आणि त्या मोहिमेचा इटली स्टार वेगळा.

म्हणून पदकावरून माणसाची कहाणी रचू नये. आधी माणूस कुठे, कधी होता ते काढावं आणि मग पदकं ताडून पाहावीत.

आधी ओळख पटवा

भिंग घ्या आणि ताऱ्याच्या मधल्या गोल पट्टीवरचं इंग्रजी नाव वाचा. सगळे तारे एकाच घडणीचे: मध्ये राजा सहावा जॉर्ज याची मुद्राक्षरं, वर मुकुट. फरक फक्त नावाचा आणि फितीचा. फितीवर मात्र भरवसा ठेवू नका. जुनी कुजली की घरातल्या कोणीतरी हाताला लागेल ती फीत ओवलेली असते. इटली स्टारची फीत लाल-पांढरा-हिरवा-पांढरा-लाल अशा पाच सारख्या पट्ट्यांची. 1939-45 स्टारची गडद निळा, लाल, फिकट निळा, म्हणजे आरमार, पायदळ, हवाई दल. नाव एक आणि फीत दुसरी असेल तर नाव खरं धरा.

चिंच, लिंबू, राख, पितांबरी यांतलं काहीही लावू नका. चकाकी येते, पण अक्षरांच्या कडा झिजतात आणि ऐंशी वर्षांचा रंग जातो. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसली की पुरे. मागच्या बाजूला नाव नसलं तर ‘नकली’ म्हणून बाजूला टाकू नका. ब्रिटिश सैनिकांना हे तारे नाव न कोरताच दिले गेले. पण मग नुसत्या ताऱ्यावरून तो कोणाचा हे सांगता येत नाही, तिथे कागदच लागतो.

नियम काय होते

1939-45 स्टारसाठी युद्धक्षेत्रात 180 दिवसांची नोकरी लागे, विमानातल्या कर्मचाऱ्यांना 60. मृत्यूने किंवा जखमेने नोकरी आधीच तुटली तर दिवस कमी पडले तरी हक्क राही. कुटुंबांकडून इथेच चूक होते. ‘चारच महिने होते, मग कसा मिळणार’ म्हणून सोडून देतात आणि माणूस तर आघाडीवर पडलेला असतो.

आफ्रिका स्टारला पायदळासाठी एक दिवससुद्धा पुरे. मुदत 10 जून 1940 ते 12 मे 1943, मुलूख सुएझ कालव्यापासून जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीपर्यंतचा उत्तर आफ्रिका. एरिट्रिया, ॲबिसिनिया (आजचा इथिओपिया), सुदानही त्यात येतात, पण फक्त 27 नोव्हेंबर 1941 पर्यंत. पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण मार्च 1941 मध्ये एरिट्रियात केरेनच्या डोंगरांत लढली, त्यामुळे त्या वेळी तिथे असलेल्याचा हक्क सरळ आहे. तीच एरिट्रिया, पण नेमणूक 1942 ची असेल तर तेवढ्यावर हा तारा मिळत नाही. इराक आणि इराणमधली नोकरी कितीही वर्षांची असली तरी ती या मुलखाच्या बाहेरची.

या ताऱ्याच्या फितीवर कधी ‘8’ आकडा किंवा आठव्या आर्मीची, म्हणजे उत्तर आफ्रिकेत लढणाऱ्या ब्रिटिश फौजेची, आडवी पट्टी दिसते. तिच्या कोपऱ्यांना बारीक भोकं असतात, कारण ती फितीवर शिवायची असते. टाके तुटले की पट्टी हरवते, म्हणून ट्रंकेचा तळ नीट चाळा. मात्र ही पट्टी 23 ऑक्टोबर 1942 नंतर आठव्या आर्मीत असलेल्यांनाच होती. दुसरी मराठा पलटण जून 1942 मध्ये टोब्रुकला कैद झाली. ती त्याच आर्मीत लढत होती, तरी तिथे पकडलेल्यांना तारा आहे, पट्टी नाही. अन्याय वाटतो खरा, पण नियम तारखेचा.

बर्मा स्टार 11 डिसेंबर 1941 ते 2 सप्टेंबर 1945 या काळातला. ब्रह्मदेशात पाय न ठेवताही तो मिळू शकतो, कारण 1 मे 1942 ते 1943 अखेर बंगाल आणि आसामही त्यात होते. 1944 पासून तिथली हद्द पूर्वेकडे आकसली. मार्च 1944 मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला चौथी मराठा पलटण लढली, ते या नव्या हद्दीतही बसतं. मलायाबाबत मात्र सांभाळा. 8 डिसेंबर 1941 ते 15 फेब्रुवारी 1942, म्हणजे सिंगापूर पडेपर्यंतच्या लढाईला पॅसिफिक स्टार. पुढच्या काळाला बर्मा स्टार. दोन्हींचा हक्क असला तरी तारा एकच मिळे आणि दुसऱ्याच्या नावाची पट्टी त्यावर येई.

इटली स्टार 11 जून 1943 ते 8 मे 1945. पायदळाला दिवसांची अट नाही. इटलीबरोबर ग्रीस आणि युगोस्लाव्हियाही त्यात येतात.

गोल पदकांचं चटकन सांगतो. वॉर मेडल 28 दिवसांच्या पूर्णवेळ नोकरीला. मागे दोन तोंडांच्या राक्षसावर उभा सिंह. त्याच्या फितीवर ओकचं छोटं कांस्याचं पान असेल तर दुर्लक्ष करू नका, त्याचा अर्थ कामगिरीची नोंद सरकारी अहवालात झाली होती. इंडिया सर्व्हिस मेडल भारतीय फौजेतल्यांना, देशातच आघाडीबाहेर तीन वर्षं नोकरी केल्याबद्दल. मागे हिंदुस्थानचा नकाशा.

कागद कसा काढायचा

डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनचे कागद शोधा आणि चार गोष्टी टिपून घ्या: सैनिक क्रमांक, पलटण, भरतीची आणि सुटकेची तारीख, परदेशी नोकरीच्या तारखा. यांत क्रमांक सर्वांत मोलाचा. रामा जाधव, गणू शिंदे एकाच कंपनीत अनेक असत आणि गोऱ्या कारकुनाने आडनावाचं स्पेलिंग कसं केलं असेल याचा नेम नाही. पलटणीच्या इतिहासावरून थेट निष्कर्षही काढू नका. पलटण इटलीत असताना तुमचा माणूस बेळगावच्या सेंटरमध्ये रंगरूटांना कवायत शिकवत असू शकतो.

कागद नसतील तर मराठा लाइट इन्फंट्रीसाठी (वर आलेली पाचवी मराठा रेजिमेंट ती हीच) बेळगाव, बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी, महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातलं सागर, असं ज्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. अर्जात गाव आणि तालुका युद्धकाळातले द्या. आजचा जिल्हा तेव्हा नसेलही. वडिलांचं नाव, नात्याचा पुरावा आणि पदकाचा दोन्ही बाजूंचा फोटो जोडा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्जाची भाषा नीट करून घेता येते. ‘सर्व पदके मिळावीत’ असं मोघम लिहू नका. ‘परदेशी नोकरीच्या तारखा आणि दिलेल्या पदकांची नोंद कळवावी’ असं मागा.

माणूस युद्धात गेला असेल तर राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधा. तिथे क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख आणि बऱ्याचदा गावही मिळतं. नाव सापडलं नाही तर स्पेलिंग बदलून पाहा. मराठा हा शब्दच तेव्हा ‘मह्राट्टा’ असा लिहीत. कासिनोच्या स्मारकावर नोंद असेल तर इटली स्टारबद्दल शंका उरत नाही.

चौकटीत लावताना पाहणाऱ्याच्या डावीकडून क्रम असा: 1939-45, आफ्रिका, पॅसिफिक किंवा बर्मा, इटली, मग वॉर मेडल, शेवटी इंडिया सर्व्हिस मेडल. हरवलेल्या ताऱ्याच्या जागी बाजारातली प्रतिकृती लावली तर चौकटीच्या मागे तसं स्पष्ट लिहून, तारीख घालून ठेवा.